माघार घेण्याची विद्या

२२ मे २०१० ची सकाळ. सहा वाजून काही मिनिटे झाली होती. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७-८०० जातीचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीकडे येत होते. आत १६६ माणसे होती. विमान धावपट्टीजवळ पोचले, पण त्या ठिकाणी जेवढ्या उंचीवर असायला हवे होते त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. शेजारच्या आसनावरील सहवैमानिकाला हे दिसत होते. त्याने सांगितले, 'गो अराउंड'. उतरू नका, पुन्हा वर चला, फेरी मारून परत या, असा या दोन शब्दांचा अर्थ. हे त्याने तीन वेळा सांगितले. जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणारे यंत्रही वारंवार ओरडत होते. तरीही कॅप्टनने विमान उतरवले. ८०३३ फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुरुवातीपासून सुमारे ५२०० फुटांवर. पुढे धावपट्टी संपली आणि दरी सुरू झाली. १५८ माणसे गेली. आठ वाचली.

मी वैमानिक नाही. आयटीआय करून कारखान्यात लागलो, पुढे मोटार रिवाइंडिंगचे दुकान काढले. आयुष्यात विमानात बसलो तो सगळा मिळून पाच वेळा. पण गेली पंधरा वर्षे मी विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचतो आहे. हे अहवाल सरकारे छापतात आणि कोणालाही वाचता येतात. इंग्रजी कोशाच्या मदतीने सुरू झालेला हा नाद पुढे अभ्यास झाला. त्याची सुरुवात मंगळूरच्या अहवालापासून झाली. त्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. मराठी नाव पाहून कुतूहलाने अहवाल उघडला, आणि एका प्रश्नाने मला धरून ठेवले. दोन माणसे एकाच काचेतून बाहेर पाहत होती. एकाला धोका कळला होता आणि त्याने तो बोलूनही दाखवला. मग विमान वर का गेले नाही?

एका शब्दाचा शोध

इंग्रजीत 'एअरमनशिप' असा एक शब्द आहे. तो जहाजावरच्या 'सीमनशिप'वरून आला. त्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'वैमानिकाचे कौशल्य' म्हटले तर अर्थ अपुरा राहतो, कारण कौशल्य हा त्याचा फक्त एक भाग. 'सारथ्य' जवळचा वाटतो. 'कर्णधार' हाही मुळात नावेचे सुकाणू धरणारा. आपण त्याला क्रिकेटच्या मैदानावर नेऊन बसवले. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो आपल्या कोकण किनाऱ्यावरचा तांडेल. होडीवरच्या सगळ्यांनाच जाळे टाकता येते, वल्हे मारता येते. तांडेल ओळखला जातो तो वेगळ्या गुणासाठी. आकाश पाहून, वारा हुंगून 'आज जायचं नाही' असे तो म्हणतो, आणि बाकीचे ते ऐकतात. होडी बाहेर काढण्याएवढेच ती न काढणे हेही त्याचे काम असते.

अमेरिकन हवाई दलातील वैमानिक टोनी कर्न यांनी १९९०च्या दशकात या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी एअरमनशिपला इमारतीची उपमा दिली आहे. पायात शिस्त, कौशल्य आणि सराव. त्यावर ज्ञानाचे पाच खांब : स्वतःचे, विमानाचे, सहकाऱ्यांचे, भोवतालाचे आणि जोखमीचे ज्ञान. आणि कळसाला दोन गोष्टी : परिस्थितीचे भान आणि निर्णयशक्ती. या मांडणीत दोन गोष्टी लक्ष वेधतात. पायातही कौशल्याच्या आधी शिस्त आहे. आणि ज्ञानाच्या खांबांत विमानाइतकेच महत्त्व स्वतःला ओळखण्याला आहे : आज मी थकलो आहे का, घाईत आहे का, माझा अहंकार दुखावला आहे का?

वैमानिकांत एक जुनी म्हण आहे. तिचा आशय असा की, श्रेष्ठ वैमानिक आपली श्रेष्ठ निर्णयबुद्धी वापरून असे प्रसंगच टाळतो, जिथे त्याला आपले श्रेष्ठ कौशल्य पणाला लावावे लागेल. आपल्याकडे मात्र कौतुक कौशल्याचे होते. न घडलेल्या अपघाताचा सत्कार कोणी करत नाही.

कागदाच्या एका चिटोऱ्याची गोष्ट

शिस्त म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कवायत येते. वैमानिकाची शिस्त वेगळी आहे, आणि तिचा उगम एका लहानशा विस्मरणात आहे.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्डवर बोइंग कंपनीच्या नव्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची, मॉडेल २९९ची, चाचणी होती. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे लष्कराचे निष्णात चाचणी वैमानिक. विमान धावले, उचलले गेले, नाक वर करत गेले, एका पंखावर कलंडले आणि कोसळून पेटले. हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर दोघेही या अपघातात गेले. चौकशीत कळले की विमानात कसलाही बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीकडील हलते भाग आपटू नयेत म्हणून त्यांना कुलूप लावलेले असते. ते काढायचे राहिले होते.

यावर 'हिल यांच्यापेक्षा चांगला वैमानिक शोधा' हा उपाय होऊ शकत नव्हता. लष्कराच्या वैमानिकांनी वेगळा मार्ग काढला. उड्डाणापूर्वी, उड्डाणानंतर, उतरण्यापूर्वी काय काय तपासायचे याची छोटी यादी त्यांनी केली. हीच चेकलिस्ट. पुढे हेच विमान बी-१७ या नावाने दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने उडाले.

या यादीत एक कबुली दडलेली आहे : मी कितीही हुशार असलो तरी विसरेन. वीस हजार तास उडालेला कॅप्टनही प्रत्येक उड्डाणाआधी तीच यादी मोठ्याने वाचतो, तो तिच्यातले काही माहीत नसते म्हणून नव्हे. माहीत असणे आणि ऐन वेळी आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या व्यवसायाने रक्त सांडून शिकले आहे. आपल्या घरी आजी प्रवासाला निघताना उंबऱ्यात थांबून 'किल्ली, चष्मा, पैसे, तिकीट' असे म्हणत असे. तत्त्व तेच.

दरारा

चेकलिस्टने विसरण्यावर उपाय झाला. दुसरा आजार मात्र यादीने बरा होणारा नव्हता. तो माणसामाणसांतल्या नात्याचा होता.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने या लहान विमानतळाकडे वळवली होती. त्यांत केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जम्बो जेट होती. धुके दाटले होते आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तिथे नव्हते. केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहाउझेन फान झान्टेन हे कंपनीतील फार मोठे नाव होते. जम्बो वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे ते प्रमुख, आणि कंपनीच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र झळके. त्यांना घाईही होती, कारण कामाच्या तासांचे नेदरलँड्समधील नियम कडक झाले होते. आणखी उशीर झाला असता तर उड्डाणच रद्द करावे लागले असते.

धावपट्टीच्या टोकाला वळल्यावर त्यांनी इंजिनांचा जोर वाढवायला घेतला. सहवैमानिकाने थांबवले : अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाले, ठाऊक आहे मला, विचार. सहवैमानिकाने विचारले. पुढचा मार्ग कसा घ्यायचा ते नियंत्रकाने सांगितले. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण कॅप्टननी पुन्हा जोर वाढवला. या वेळी सहवैमानिक गप्प राहिला. मघाशी एकदा टोकून झाले होते. दुसऱ्यांदा त्याच माणसाला टोकायचे धाडस झाले नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचे बोलणे ऐकून शंका आली. पॅन ॲमचे विमान अजून धावपट्टीवरच तर नाही, असे त्याने विचारले. कॅप्टननी ठासून उत्तर दिले की ते दूर झाले आहे. ते झाले नव्हते. ५८३ माणसे मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात अपघाताने गेलेला हा सर्वांत मोठा बळी.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची चाके खाली येताना वेगळाच आवाज झाला. चाके नीट बसली की नाही याचा छडा लावत कॅप्टन सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन कमी होत असल्याचे सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर बोलत होते, पण 'आता उतरलेच पाहिजे' असे कोणी ठणकावले नाही. अखेर इंजिने बंद पडली आणि विमान वस्तीलगतच्या झाडीत कोसळले. १८९ पैकी १० जण गेले. इंधन नव्हते म्हणून आग लागली नाही, हा क्रूर योगायोग.

अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी नवे प्रशिक्षण सुरू केले. त्याला आज 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणतात. कॅप्टनच्या हाताखालची माणसे ही त्याची साधनसंपत्ती आहे; ती न वापरणे म्हणजे एक इंजिन बंद ठेवून उडण्यासारखे आहे, हा त्यातला गाभा. जुन्या कॅप्टनांनी नाके मुरडली. आम्हाला आता गोड बोलायचे वर्ग लावणार का, अशी थट्टा झाली.

१९ जुलै १९८९ ला थट्टा थांबली. युनायटेडच्याच डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची फिरती तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. सुकाणू, पंखांवरच्या पट्ट्या, सगळे निर्जीव. अशा प्रसंगाची कोणती चेकलिस्ट नव्हती, कारण असे होऊ शकेल असे कोणी धरलेच नव्हते. कॅप्टन ॲल हेन्स यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांना विचारले. प्रवाशांत डेनिस फिच नावाचे डीसी-१०चे प्रशिक्षक होते. हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये बोलावले आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. एका इंजिनाचा जोर कमी, दुसऱ्याचा जास्त असे करत चौघांनी ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते फुटले, पेटले; पण २९६ पैकी १८४ माणसे वाचली. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की, आपल्याला सगळ्यांचे ऐकायला शिकवले नसते तर हे झाले नसते.

'साहेब, ढग जरा काळा दिसतोय'

ऐकणारा कॅप्टन हवा, हे खरे. पण बोलणाऱ्याने कसे बोलायचे? या प्रश्नाचा अभ्यास भाषेच्या जाणकारांनी केला आहे, आणि तो मराठी वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल.

समजा, विमान वादळी ढगाकडे निघाले आहे आणि वळायला हवे. हे सांगण्याच्या पायऱ्या आहेत. 'उजवीकडे वळवा' ही आज्ञा. 'आपल्याला आता वळायलाच हवं' ही गरजेची जाणीव. 'उजवीकडून जाऊ या का?' ही सूचना. 'कुठल्या बाजूने जायचं म्हणता?' हा प्रश्न. 'उजवीकडून गेलेलं बरं, असं मला वाटतं' ही पसंती. आणि शेवटी, 'ढग जरा काळा दिसतोय', हा नुसता संकेत. अमेरिकेतील अभ्यासकांना असे आढळले की कॅप्टन बहुधा आज्ञेच्या पायरीवरून बोलतात, तर सहवैमानिक खालच्या पायऱ्यांवरून, आणि पुष्कळदा अगदी शेवटच्या. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याचे वाक्य जितके नम्र, तितके ते दुर्लक्षिणे सोपे.

१३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचे विमान धावपट्टीवर धावू लागले. मापकाचे आकडे जुळत नाहीत, हे बरोबर नाही, असे सहवैमानिक म्हणत होता. कॅप्टनने समजूत घातली की सगळे ठीक आहे. 'उड्डाण थांबवा' हे शब्द उच्चारले गेले नाहीत. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात गेले.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी हे सगळे वाचत गेलो. १९९३ साल. मी तेविशीचा. एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. या यंत्राला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच घाव पडतो, म्हणजे हात आत राहत नाही. आमचे फोरमन, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कामात देवमाणूस. माल वेळेत जायचा म्हणून त्यांनी एका बटणात लाकडाची काडी खुपसून ते कायमचे दाबून ठेवले होते. आता एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. वेग दीडपट. मला दिसत होते. मी म्हणालो, 'अण्णा, आज प्रेस जरा जास्तच पळतोय.' ते हसले, म्हणाले, 'पळू दे की, तुझ्या पायांनी पळतोय का?' सगळे हसले, मीही हसलो. चौथ्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या पोराची दोन बोटे गेली. त्याच्याही यंत्रात तीच काडी होती.

त्या वाक्याचा मी कितीदा विचार केला आहे. मी बोललो होतो, असे स्वतःला सांगत राहिलो. पण मी बोललो ते ढग काळा दिसतोय या पायरीवरून. 'अण्णा, काडी काढा, नाहीतर मी मशीन बंद करतो,' हे वाक्य माझ्या तोंडून आले नाही. ज्या भाषेत मी वाढलो तीत वडीलधाऱ्याशी असे बोलण्याची सोयच नव्हती, असे मी पुढे म्हणू लागलो. पण ही अर्धीच गोष्ट. सोय करून घ्यावी लागते. विमान व्यवसायाने ती करून घेतली. ठरावीक परिस्थितीत ठरावीक शब्द उच्चारायचे. ते उद्धटपणाचे नाहीत आणि विनंतीचेही नाहीत. 'गो अराउंड' हा तसा शब्द आहे. तो पंचवीस वर्षांच्या पोराने पंचावन्न वर्षांच्या कॅप्टनला म्हणायचा असतो, आणि तो ऐकला की कॅप्टनने चर्चा न करता विमान वर न्यायचे असते. मानापमान आधीच, जमिनीवर असताना, बाजूला काढून ठेवलेला असतो.

पाऊल मागे का पडत नाही

तरीही मंगळूर घडले.

उतरणाऱ्या विमानासाठी नियम सोपा आहे. जमिनीपासून एक हजार फुटांवर (हवा स्वच्छ असेल तर पाचशे) विमान योग्य वेगात, योग्य उतारावर, चाके आणि पंखांच्या पट्ट्या बाहेर काढून स्थिर झालेले हवे. नसेल, तर परत वर. यात मत मागितलेले नाही. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, अशा अस्थिर शंभर प्रसंगांपैकी सुमारे तीनच वेळा वैमानिक परत वर जातात. बाकी सत्त्याण्णव जण 'जमेल' म्हणून उतरतात, आणि बहुतेकांना जमतेही. हाच खरा सापळा आहे. प्रत्येक वेळी नियम मोडून सुखरूप उतरलेला माणूस एक चुकीचा धडा घेऊन घरी जातो.

शिवाय घर समोर दिसत असते. चार तासांचा प्रवास संपत आलेला, धावपट्टीचे दिवे डोळ्यांपुढे. आरंभलेले तडीस नेण्याकडे मनाचा ओढा असतो. त्यात 'परत फिरलो म्हणजे चुकलो' ही भावना. मराठी माणसाने तरी असे वाटून घेऊ नये. गनिमी काव्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि त्यातील निम्मे शौर्य वेळेवर मागे सरण्याचे आहे.

मंगळूरच्या अहवालात या सगळ्याचे धागे दिसतात. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचे मिळाले. त्यातील जवळजवळ एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपेत होते. झोपेतून उठल्यावर बुद्धीवर जी साय असते, तिचा परिणाम झाला असावा असे न्यायालयाने म्हटले. विमानतळाचे रडार बंद असल्याने विमानाला खाली उतरण्याची मुभा नेहमीपेक्षा जवळ आल्यावर मिळाली, म्हणून ते उंच राहिले. आणि तिसरे कारण मला सर्वांत बोलके वाटते : सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण घेऊन विमान वर न्यावे की नाही, याबद्दलच्या लेखी सूचनांत संदिग्धता होती. त्याला तीनदा बोलता आले. हात पुढे करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे मात्र कागद नीट सांगत नव्हता.

या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी परत फिरण्याचे कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्याने विसरू नये. चाके टेकल्यावर कॅप्टनने इंजिनांचा उलटा जोर लावला, आणि मग विचार बदलून पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने नोंदवले की, त्या क्षणीही पूर्ण ब्रेक लावून थांबायचे ठरवले असते, तर विमान फरसबंदीच्या आत थांबू शकले असते. म्हणजे माघारीलाही वेळ असते. ती उलटून गेल्यावर घेतलेली माघार ही दुसरी चूक ठरते. उंच असताना परत फिरायचे होते. टेकल्यावर थांबायचे होते. दोन्ही वेळा उलटे झाले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी, त्याच कंपनीचे त्याच जातीचे विमान कोळिकोडच्या तशाच टेबलासारख्या धावपट्टीवर उतरत होते. करोनाकाळात आखातात अडकलेल्यांना आणणारे हे उड्डाण. आत १९० माणसे. कॅप्टन होते दीपक साठे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे माजी छात्र, हवाई दल अकादमीच्या मानाच्या तलवारीचे मानकरी, माजी चाचणी वैमानिक. त्यांचे आईवडील नागपूरला राहत. पहिल्या प्रयत्नात त्यांनी नियमाप्रमाणे विमान परत वर नेले; कॅप्टनच्या बाजूच्या काचेवरचा वायपर चालत नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात विरुद्ध बाजूने, पाठीमागून वारा घेत ते आले. ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४४३८ फुटांवर. सहवैमानिक आधी सूचक शब्दांत बोलत राहिला. 'गो अराउंड' म्हणेपर्यंत फार उशीर झाला होता. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अहवालाने कॉकपिटमधील अधिकाराच्या तीव्र उताराकडे बोट दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनना करायचे होते, त्या वेळापत्रकाच्या ओझ्याकडेही.

हे लिहिताना हात अडखळतो. साठे यांच्या कर्तृत्वाबद्दल कोणाला शंका घेता येणार नाही, आणि म्हणूनच हा अपघात अधिक शिकवून जातो. इतका कसलेला माणूसही, पावसात, रात्री, एकदा माघार घेऊन झाल्यावर, दुसऱ्यांदा ती घेऊ शकला नाही. टेनेरिफच्या सहवैमानिकाला दुसऱ्यांदा टोकता आले नव्हते. इथे कॅप्टनना दुसऱ्यांदा वळता आले नाही. पहिले धैर्य माणूस स्वतःच्या बळावर दाखवतो. दुसऱ्या वेळी त्याला शेजाऱ्याचा आधार लागतो.

बिनदोषाची माघार

तो आधार कसा उभारायचा? विमान व्यवसायाची उत्तरे साधी आहेत. अनेक कंपन्यांनी जाहीर केले आहे की, परत वर गेलेल्या वैमानिकाला 'इंधन का जाळले?' असे कोणी विचारणार नाही. दोनदा इशारा देऊनही उत्तर आले नाही, तर शेजारच्याने नियंत्रण घ्यावे, अशी पद्धत घातली आहे. चुका स्वतःहून आणि नाव गुप्त ठेवून कळवण्याची व्यवस्था अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवते. चूक सांगणाऱ्याला शिक्षा झाली तर पुढची चूक कोणी सांगणार नाही, हे त्यामागचे गणित. अर्थात, कागदावर धोरण असणे आणि सोमवारी सकाळी साहेबांनी न विचारणे, यांत अंतर असते. ते अंतर किती, यावर त्या कंपनीत बसणाऱ्या प्रवाशांचे नशीब ठरते.

आपली रुग्णालये, कारखाने, बसचे आगार, एवढेच काय आपली घरे, इथेही कॅप्टन असतात आणि सहवैमानिक असतात. चुकीच्या बाजूच्या गुडघ्यावर खूण केलेली पाहणारी परिचारिका असते. वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या मामांच्या शेजारी बसलेला भाचा असतो. त्यांच्या ओठांवर आलेले वाक्य बहुधा 'ढग जरा काळा दिसतोय' याच जातीचे असते. त्यांना धीट व्हा असे सांगणे सोपे आहे. पण मला वाटते, जबाबदारी वरच्याने आधी घ्यावी. गाडी सुरू करण्यापूर्वी मामांनीच म्हणावे, 'मी चुकलो तर थांबवा म्हण. मी थांबेन, आणि रागावणार नाही.'

माझ्या दुकानात आता दोन मुले काम करतात. मोटारीला वीज जोडण्यापूर्वी आम्ही सात ओळींची यादी मोठ्याने वाचतो. भिंतीवर ती लावली आहे. सातवी ओळ अशी : 'कोणीही थांब म्हटले तर थांबायचे, कारण नंतर विचारायचे.' गेल्या वर्षी धाकट्याने मला तीनदा थांबवले. दोनदा त्याचा गैरसमज होता. तिसऱ्यांदा मी मेन स्विच बंद न करताच वायरला हात घालत होतो.

मी त्याला काही बोललो नाही. पहिल्या दोन वेळांनाही काही बोललो नव्हतो, म्हणूनच तो तिसऱ्यांदा बोलला.